बिनखटक्याचं यंत्र

अन्याय झाला तो गवत कापणाऱ्या मामांवर. गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हिरवळीवर. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण गवत कापायच्या यंत्रावर मी बसलो होतो. बागेच्या ठेकेदाराचा सुपरवायझर.

यंत्र जुनं होतं. खालचा पात्यांचा डबा दांड्याने वर ओढायचा, शेवटी खटका ‘खट्’ करून खाचेत बसायचा. मामा खालून विचारायचे, "बसला का?" वरून "बसला" असं आलं, की मगच डब्याखाली हात घालून ओलं गवत काढायचे. त्याशिवाय कधीच नाही.

मग कंपनीच्या साहेबांना ती खडखड नकोशी झाली. इंजिनाचा आवाज चालत होता म्हणे, खटक्याचा नको. यंत्र सुधारलं. दांडा गेला, खटका गेला, तेलाच्या दाबावरचा जॅक आला. बटण दाबलं की डबा मुकाट वर. परदेशी पाहुणे येणार म्हणून डब्याखाली टेकू म्हणून लावायचा लाकडी ठोकळाही हटवला. दिसायला बरा नाही.

त्यानंतर डबा वर ठेवून आम्ही चहाला जायचो आणि परत यावं तर तो गवतावर बसलेला. आसपास चिटपाखरू नाही. इमारतीच्या काचेच्या भिंतीत दिसायचं ते फक्त आम्ही दोघं आणि यंत्र. एकदा मी मुद्दाम समोर उभा राहिलो. इंजिन बंद, वारा पडलेला, आणि डबा खाली येतोय, कुणीतरी हळूच श्वास सोडावा तसा.

"आमची विहीर हाय इथं बुजवलेली," मामा म्हणाले. त्या जमिनीवर पूर्वी त्यांची ज्वारी होती. "तिच्याकडंच ओढ घेतंय."

जॅकमधलं तेल मागे सरतंय, हे मला कळत होतं. तरी त्या दिवशी मी यंत्राकडे पाठ केली नाही. डबा आपोआप खाली येतो, असं वर कळवलं. उत्तर आलं, "अहो, भुतं पकडायचं डिपार्टमेंट आपल्याकडे नाही."

गुरुवारी मामांनी सवयीने विचारलं. मीही सवयीने म्हणालो, "बसला."

खटकाच नव्हता. बसला तो डबा, या वेळी एकदम, फरशीच्या कडेवर आणि मामांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर.

चौकशीच्या कागदात आलं: ‘डबा खाली बसल्याचे सुपरवायझरने सांगितले असतानाही कामगाराने हात घातला.’ शब्द माझाच, अर्थ त्यांचा. मी सही केली नाही. मामांचं काम मात्र गेलं, आणि ज्या जमिनीवर ते जन्मले तिथलं गेट आता त्यांना उघडत नाही.

असे जॅक आता तुमच्या ऑफिसच्या, सोसायटीच्या यंत्रांवरही लागले आहेत. उद्या त्या यंत्रासमोर उभे राहा आणि डबा वर अडकवून ठेवणारी खीळ दाखवा म्हणा. दाखवता आली नाही, तर किल्ली काढून खिशात घाला. आणि तुम्ही खराडीतच कामाला असाल, तर तो चौकशीचा कागद मागा, त्यातलं ते वाक्य खोडायला लावा, आणि मामांना परत आत घ्यायला लावा.