ॲव्हरेज काढून देणारा मिस्त्री

माझ्या सासऱ्यांचं नाव जव्हारमध्ये फारसं कोणी घेत नसे. सगळे त्यांना ॲव्हरेजवाले मिस्त्री म्हणायचे. गाडी पेट्रोल जास्त पिते अशी तक्रार घेऊन माणूस आला की अब्बा आधी बोनेट उघडायचे आणि मग त्याला चहा पाजायचे. चहा संपेपर्यंत काम झालेलं असायचं. पुढच्या आठवड्यात तोच माणूस हसत परत यायचा आणि त्याच पेट्रोलमध्ये गाडी किती पुढे गेली ते स्टँडवर सांगत सुटायचा.

आमच्या घराचं अंगण हेच गॅरेज होतं. लग्न होऊन आले तेव्हा सासू हयात नव्हती. घरात अब्बा, माझा नवरा आणि मी. घरात आम्ही आमची उर्दूमिश्रित हिंदी बोलायचो, अंगणात गिऱ्हाइकांशी मराठी. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडायची, त्यामुळे इंजिनाची जी काही माहिती मला झाली ती कांदा चिरता चिरता झाली.

अब्बांची करामत साधी होती. कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक छोटा जेट असतो, त्याच्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. अब्बा त्या भोकावर सोल्डरिंगचा थेंब टाकायचे आणि सुईने पुन्हा बारीक भोक पाडायचे. पेट्रोल कमी, हवा तेवढीच. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चाले, पण आमच्याकडे सपाट रस्ता आहे कुठे? भरलेली गाडी मोखाड्याच्या बाजूला चढाला लागली की इंजिन आतून टकटक करायला लागायचं.

नवऱ्याने मला एकदा खिडकीतून दोन स्पार्क प्लग दाखवले होते. एक खरपूस बिस्किटाच्या रंगाचा, दुसरा खडूसारखा पांढरा. तो म्हणाला की पेट्रोल आत जाऊन नुसतं जळत नाही, इंजिनाला थोडं थंडही ठेवतं. ते कमी पडलं की आतली उष्णता वाढते, प्लग पांढरा पडतो, मग व्हॉल्व्हची कड जळते आणि शेवटी पिस्टन. पेट्रोल फार दिलं तरी वाईटच. काळा धूर येतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जाऊन पिस्टनच्या रिंगा झिजतात. पण त्या गाडीला मरायला वेळ लागतो.

हे तो मला सांगू शकत होता, अब्बांना नाही. एकदा गिऱ्हाइकासमोर त्याने जेट मोठा ठेवायला सुचवलं, तेव्हा अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला, त्याचा कान धरला आणि त्याला अंगणाच्या फाटकापर्यंत नेऊन सोडलं. तेव्हा त्याच्या दाढीत एखादा पांढरा केस दिसायला लागला होता. गिऱ्हाईक हसलं, अब्बाही हसले. नवरा परत येऊन टायर उतरवायला बसला.

दिवाळीनंतर एक मुकादम त्याची जुनी पेट्रोल जीप घेऊन आला. जव्हारजवळच्या वांगणीकडच्या पाड्यांवरून माणसं भरून भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर नेणं हा त्याचा धंदा. अब्बांनी जेट बारीक केला. मुकादम निघताना नवऱ्याने त्याला एवढंच सांगितलं की चढावर माणसं कमी भरा, इंजिन तापेल. अब्बांनी ते ऐकलं. म्हणाले, याला चढ दिसला की घाम फुटतो, लग्नाच्या आधीपासून असाच आहे. मी खिडकीत उभी होते आणि ते माझ्याकडे बघूनच बोलले.

काही आठवडे जीप धावली. मग एका दुपारी, बायकापोरं, हंडे, गोधड्या, कोंबड्या भरलेल्या असताना चढाच्या मधोमध ती बंद पडली. मुकादमाने पुरुषांना खाली उतरवून धक्का मारायला लावलं. पोरं आतच होती. जीप थोडी वर गेली आणि मागे घसरली. मागे ढकलणाऱ्यांपैकी एकाचा पाय चाकाखाली सापडला. त्याची बायको जीपमधून ते बघत होती. मुकादमाने दुसरी गाडी बोलावून बाकीच्यांना, त्या माणसाच्या बायकोपोरांसकट, भट्टीवर पाठवून दिलं. त्याला एका बैलगाडीत घालून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून आमच्या अंगणात आणली. मुकादमाबरोबर त्याची दोन माणसं होती. कार्बोरेटरला कोणी हात लावला, एवढंच त्याने विचारलं. अब्बा खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी हनुवटीने माझ्या नवऱ्याकडे दाखवलं.

"हात याचा होता," ते म्हणाले.

मुकादमाने नवऱ्याच्या थोबाडीत मारली. नवऱ्याने अब्बांकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होते.

"आणखी एक मार," अब्बा म्हणाले. "तुझं नुकसान झालंय."

मुकादमाने आणखी एक मारली. अब्बांनी बशीतला चहा संपवला.

इंजिन नवऱ्यानेच उघडलं. एका पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं होतं, कडेचा धातू वितळून खाली ओघळला होता. दुसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची कड कुरतडल्यासारखी गेली होती. त्याने पिस्टन पुसून अब्बांसमोर ठेवला. अब्बांनी तो उलटसुलट करून पाहिला, मग ओट्यावर ठेवला आणि त्यात विडी विझवली. त्या दिवसापासून ते त्यांचं रक्षापात्र झालं. कोणी विचारलं की ते सांगायचे, आमच्या चिरंजीवांची कारागिरी आहे.

काम चालू असताना एक दिवस नवरा मला म्हणाला, चल. आम्ही एका ओळखीच्या टेम्पोने वांगणीच्या बाजूला गेलो, पुढचा रस्ता पायी. पाय सापडलेला तो माणूस आपल्या घराच्या पडवीत बसला होता. पायाला फडकी गुंडाळलेली, वर माशा. नवऱ्याने तांदळाची पिशवी खाली ठेवली आणि आपण कोण ते सांगितलं. मला वाटलं हा आता शिव्या देईल. मनातून मला ते हवंही होतं, म्हणजे सगळं फिटल्यासारखं वाटलं असतं.

त्याने फडक्यांवरच्या माशा हाकलल्या.

"गाडी नीट चालंल ना आता?" त्याने विचारलं. "माझी पोरां तिच्यातच माघारी येतील."

नवऱ्याने हो म्हटलं.

जीप तयार झाली तेव्हा त्याने योग्य मापाचा जेट बसवला होता. मुकादम न्यायला आला, तेव्हा अब्बांच्या समोर त्याने सांगितलं की पेट्रोल पहिल्यापेक्षा जास्त लागेल, पण भरलेली गाडी चढेल आणि इंजिन टिकेल. तो पहिल्यांदाच इतकं बोलला. मुकादमाने डोकं खाजवलं. मग तो अब्बांना म्हणाला, इंजिन काय, पुन्हा बनवता येतं. पेट्रोल तर रोज लागतं.

अब्बांनी जेट काढला. त्यांनी सोल्डरिंगचा थेंब टाकला, सुई मागितली आणि ती नवऱ्याकडेच मागितली. नवऱ्याने सुई दिली. नंतर हात धुऊन आत आला आणि मला म्हणाला, सामान बांध.

मोखाड्याला रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड भाड्याने मिळाली. अब्बांनी जव्हारच्या स्टँडवर सांगून टाकलं की याच्या हाताने इंजिनं जळतात. ते खरं मानणाऱ्यांत आमच्याकडूनच गाड्या दुरुस्त करून घेतलेले लोकही होते. पहिला पावसाळा आम्ही जवळजवळ रिकाम्या शेडमध्ये काढला. मी ब्लाउज शिवायचे, तो पंक्चर काढायचा. कधी एखादी मोटारसायकल यायची. जीपमधून त्या माणसाची बायकोपोरं सुखरूप परत आली की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. नवरा पुन्हा तिकडे गेला नाही.

पुढे त्याला खडी क्रशरवर डिझेलच्या मशीनचं काम मिळालं आणि शेड आम्ही सोडली. मशीनला कार्बोरेटर नव्हता. तो तिथे वर्षानुवर्षं राहिला, मशीनच्या आवाजाने त्याचा एक कान जवळजवळ गेला.

नव्या गाड्या आल्या. त्यांत पेट्रोल किती आणि हवा किती हे गाडीतला कॉम्प्युटरच ठरवायचा, सुईने भोक पाडायला काही उरलं नव्हतं. अब्बांच्या अंगणात गवत वाढलं. मग त्यांची एक बाजू लुळी पडली आणि शेजाऱ्याने आम्हाला निरोप पाठवला. नवऱ्याने निरोप देणाऱ्याला सांगितलं, येतो, आणि त्यांची हत्यारं मला मिळाली तर बरं होईल. आयुष्यात त्याने बापाकडे मागितलेली ती एकच गोष्ट असावी.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात काहीच नव्हतं. पाने, पकडी, जेटचे डबे, व्हाइस, सगळं अब्बांनी आदल्या दिवशी भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकलं होतं. शेजारी सांगताना ओशाळला. अब्बा नाही. तोंड वाकडं झालं होतं तरी शब्द कळत होते.

"तुझ्या हातात जाण्यापेक्षा भंगारात बरं."

नवरा भंगारवाल्याकडे जाऊन आला. माल ट्रकमधून गेला होता. येताना त्याने दुधात बुडवली की विरघळतील अशी मऊ बिस्किटं आणली. खाटेवर बसून तो ती एकेक करून अब्बांना भरवू लागला. अब्बा खात होते. हनुवटीवर दूध ओघळलं की नवरा रुमालाने पुसायचा.

पुडा अर्धा झाला तेव्हा अब्बा माझ्याकडे वळून म्हणाले की दुधात साखर कमी आहे. मी डबा उघडून पाहिलं, साखर होती. मी झाकण लावलं आणि साखर संपली म्हणून सांगितलं.