मागे मुंबई दिसली पाहिजे

मधुकर कोळथरकर माझे शेजारी. आडनावात कोळथरे, आधार कार्डावर उलवे आणि तोंडात मुंबई, असा हा गृहस्थ एकाच वेळी तीन गावांत राहतो. मला हसायचा अधिकार नाही. माझ्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर 'लेखक मुंबईत राहतात' असं छापलेलं आहे, आणि मुंबईच्या ज्या भागात मी राहतो, तिथून मुंबईला जायचं म्हटलं की बायको डबा करून देते.

कोळथरकर गिरगावात जन्मले, भांडुपला वाढले, नेरूळला भाड्याने राहिले आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन उलव्यात स्वतःच्या घरी आले. पत्ता सरकत गेला, जीभ गिरगावातच राहिली. विचारणारा जितका लांबचा, तितकी त्यांची मुंबई मोठी. कोकणातल्या चुलतभावाला 'मुंबई', पुणेकराला 'नवी मुंबई', नेरूळच्या जुन्या मित्राला 'अरे, तुझ्याच पुढे', आणि दादरच्या मेव्हण्यांनी विचारलं तर नुसता खोकला.

हे मेव्हणे म्हणजे नंदिनीवहिनींचे थोरले भाऊ. उलवे हा शब्द ते उच्चारत नाहीत. 'खाडीपलीकडे' म्हणतात, तेही घरात कुणी आजारी असल्यासारखं, आवाज खाली आणून.

आमची मासळीवाली चंद्राबाई इथल्याच जुन्या गावातली. एकदा कोळथरकर फोनवर कुणाला तरी "मुंबईतच आहे हो" असं ठासून सांगत होते. चंद्राबाई बोंबील साफ करता करता म्हणाली, "काका, तुमी मुंबईला हाव, मंग या उलव्यान मी मासली कोनाला इकतंय?" मी मोठ्याने हसलो. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी कशाला हसताव? तुमी पन तिकडंच हाव ना?"

तर या कोळथरकरांचा मुलगा इंद्रजित न्यूयॉर्कला असतो. तिथल्याच मेगन नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. जानेवारीत लग्न इकडे, मुलीकडचे येणार. लगेच दादरहून निकाल आला: "हॉल दादरचाच. त्यांना मुंबई सांगितलंय ना? मग मुंबई नको दाखवायला?"

कोळथरकरांचं तोंड उतरलं. त्यांना लग्न आमच्या सोसायटीखालच्या मैदानावर हवं होतं. त्या मैदानाच्या कडेचा सोनचाफा त्यांनी लावलाय, बादल्या वाहून जगवलाय. इथं दूध मिळत नव्हतं तेव्हापासून माणूस इथं राहतोय. एकुलत्या एका मुलाचं लग्न परक्या पत्त्यावर लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण बोलणार कोणत्या तोंडानं? मुंबई सांगणारं तोंड तेच होतं.

मुलीच्या वडिलांशी, वॉल्टरसाहेबांशी, बोलून ठिकाण नक्की करायचं होतं. दुभाषा म्हणून मला बोलावलं. माझं इंग्रजी चांगलं, अशी सोसायटीत समजूत आहे. लिफ्टबद्दल बिल्डरला इंग्रजी पत्र मीच लिहिलं होतं. लिफ्ट अजून बंद आहे, समजूत चालू आहे.

इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. कोळथरकर मला आणि नंदिनीवहिनींना जिन्याने गच्चीवर घेऊन गेले. "लेखकराव, मागे मुंबई दिसली पाहिजे." पाण्याच्या टाकीला टेकून, विटेच्या आधाराने फोन उभा केला. पण मुंबईने ऐन वेळी दगा दिला. मुंबई असायला हवी तिथे कुणीतरी धुरक्याचं राखाडी फडकं वाळत घातलं होतं. सागरी पुलाचं अर्धं टोक तेवढं दिसत होतं.

वॉल्टरसाहेब स्क्रीनवर आले. लाल चेहरा, चौकड्याचा शर्ट. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि डोक्यावरून विमान गेलं. पुन्हा म्हटलं, दुसरं गेलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुम्ही विमानतळावर उभे आहात का?"

मी अभ्यास करून आलो होतो. न्यूयॉर्क म्हणजे काहींच्या लेखी नुसतं मॅनहॅटन बेट. क्वीन्सवाले शहरातच राहतात, तरी बेटावर निघाले की 'सिटीत जाऊन येतो' म्हणतात. आणि वॉल्टरसाहेब त्या सिटीपासून गाडीने सहा-सात तास लांब, बफेलोजवळ; पण राज्याचं नाव न्यूयॉर्क, म्हणून तेही न्यूयॉर्कचे. सिटीच्या वरच्या या मुलुखाला 'अपस्टेट' म्हणतात. एवढी विद्या पोटात ठेवणं मला कसं जमणार? मी म्हणालो, "सो, यू लिव्ह इन अपस्टेट!"

वॉल्टरसाहेबांचा चेहरा आणखी लाल झाला. सावकाश म्हणाले, "हे सिटीवाले म्हणतात. पूल ओलांडला की त्यांना सगळंच अपस्टेट. आम्ही वेस्टर्न न्यूयॉर्कचे."

मी भाषांतराला तोंड उघडलं. कोळथरकरांनी माझा दंड धरला. "थांबा. हा चेहरा मला कळतो. दादरच्या दिवाणखान्यात मी हाच करतो." मग जरा पुढे सरकून, "विचारा ना त्यांना, बाहेरगावी कुणी 'कुठले तुम्ही?' विचारलं तर काय सांगतात?"

मी विचारलं. साहेब कपातल्या कॉफीत बघायला लागले. मागून त्यांच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. "फ्लोरिडात गेला की खुशाल 'न्यूयॉर्क' सांगतो! लोक सिटीतल्या नाटकाची तिकिटं काढून द्या म्हणतात!"

कोळथरकर असे हसले की टेकलेली वीट हलली. मग त्यांनी फोन उचलला, मुंबईकडे पाठ फिरवली आणि माझ्या देखत स्वतःच इंग्रजी बोलायला लागले. "मिस्टर वॉल्टर, दॅट साइड, मुंबई. नॉट माय. धिस साइड, माय. उलवे." फोन कठड्यापलीकडे धरून त्यांनी मैदान दाखवलं, सोनचाफा दाखवला, लांबची खारफुटी दाखवली.

"अहो, पडेल फोन! आणि दादाला काय सांगायचं?" नंदिनीवहिनी कुजबुजल्या.

वॉल्टरसाहेबांनी विचारलं, "मग लग्न कुठे? सिटीत की तुमच्याकडे?"

मी एक सुंदर, तीन पोटवाक्यांचं इंग्रजी वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात कोळथरकरांनी मैदानाकडे बोट केलं. "देअर."

"उत्तम," साहेब म्हणाले. "सिटीत पार्किंग मिळत नाही."

त्याच संध्याकाळी दादरला फोन गेला. खोकला अजिबात नव्हता. "दादा, लग्न उलव्याला. हो, खाडीपलीकडे. पण आता इथून बघितलं तर पलीकडे तुम्ही आहात हो!"

पत्रिकेचा इंग्रजी मजकूर माझ्याकडेच आला. स्थळ म्हणून मी 'उलवे' लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि हाताने सवयीने पुढे 'मुंबई' लिहून टाकलं. कोळथरकरांनी खिशातलं पेन काढून ते खोडलं.

"ते तुमच्या पुस्तकामागे असू दे," म्हणाले.