तंजावूरच्या तांबूस नळ्या

तिरुचीहून तंजावूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि मांडीवर थर्माकोलचा डबा घट्ट धरला होता. बाहेर भाताची लावणी नुकतीच झालेली. कावेरीचं पाणी पाटापाटांतून धावत होतं आणि जिथे पाणी नव्हतं तिथे नारळाची झाडं होती. समोरच्या बाकावरचे गृहस्थ मात्र हे सगळं सोडून माझ्या डब्याकडे बघत होते.

“मीन?” त्यांनी विचारलं. मीन म्हणजे मासे, एवढं तमिळ मला येतं.

“मासे नाहीत. रिकाम्या नळ्या आहेत, माणसांची लाळ गोळा करायला,” मी इंग्रजीत सांगितलं.

त्यांनी पाय जरा आखडून घेतले. पण माणूस भला होता. पुढच्या स्टेशनावर त्यांनी सुंडल (उकडलेले हरभरे, वर ओलं खोबरं) घेतलं आणि अर्धं मला दिलं. खाण्याच्या बाबतीत मी कधी आढेवेढे घेत नाही. त्यामुळे तंजावूर येईपर्यंत आमची चांगली मैत्री झाली.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जनुकांवर काम करते. आमच्या अभ्यासातला एक आजार असा आहे, की जखमेतलं रक्त थांबतं आणि एखाद्या दिवसानं पुन्हा वाहू लागतं. रक्त थांबताना त्यात धाग्यांचं जाळं विणलं जातं. ते विणून झालं की धाग्यांना शेवटची गाठ मारणारा एक घटक लागतो. या माणसांत तो जवळजवळ नसतोच, म्हणून विणलेलं सगळं उसवतं. तंजावूरच्या एका मराठी कुटुंबातल्या वसंतीला हा आजार आहे. ती बँकेत नोकरी करते, महिन्याला रुग्णालयात जाऊन तो घटक टोचून घेते आणि एरवी सगळ्यांची टिंगल करत मजेत असते. तिच्या जनुकातला नेमका दोष आम्ही आधीच शोधला होता.

प्रश्न वेगळाच होता. वसंतीच्या धाकट्या भावाला, श्रीधरला, आपल्या आतेबहिणीशी लग्न करायचं होतं. तिचं नाव मालती, ती शाळेत गणित शिकवते. मामाच्या मुलाशी लग्न ही त्यांच्याकडची जुनी रीत, शिवाय या दोघांचं लहानपणापासून जमलेलं. पण हा दोष दोघांमध्येही लपलेला असला, तर त्यांच्या मुलांना आजार होण्याची भीती. मालतीच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, “दोघांत निघालें तर लग्न नाहीं.” मालतीनंही आधी तपासणीच मागितली. म्हणून मी कुरियरनं नळ्या पाठवल्या, घरच्यांनी त्या भरून परत केल्या, आणि एकाही नळीची तपासणी होईना.

त्यात सगळ्या नळ्या तांबूस! उपाशीपोटी लाळ द्या, हे मी फोनवर दहादा बजावलं होतं. कॉफीसुद्धा घेतली नाही, असं सगळे शपथेवर सांगत होते. मग तांबूस रंग कशाचा? मी विद्वत्ता पाजळून निष्कर्ष काढला, की अख्ख्या कुटुंबाच्या हिरड्यांतून रक्त येतंय. तसं असेल तर आजार आम्हाला वाटला त्याहून मोठा होता. फोनवर हे बोलायची हिंमत झाली नाही. मी सरळ तिकीट काढलं.

घर राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. दारात दोन मोपेड, ग्रॅनाइटच्या नव्या पायऱ्या आणि त्यांच्या बाजूला तिण्णै, म्हणजे बाहेरचा बसायचा ओटा. ओट्यावर वसंतीचे आजोबा बसले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. कालव्यांच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. अजूनही पाण्याला किती दिवस उशीर झाला हे ते वर्तमानपत्राच्या आधी सांगतात.

“यावें बाई. वाटेंत त्रास जाहला की? आधीं काफी घ्यावी.”

माझ्या अंगावर काटा आला. माझ्या भाषेतली माणसं तीनशेक वर्षांपूर्वी इकडे आली आणि आपल्याकडे कागदपत्रांत उरलेले शब्द इथे कॉफी विचारत होते. बोलता बोलता मध्येच तमिळ शिरायचं, मग इंग्रजी, आणि पुन्हा ‘जाहलें’. मी पितळी डबऱ्यातली (पसरट वाटीतली) कॉफी प्याले, पाठोपाठ पोळीबरोबर डांगरही खाल्लं. होय, आपलंच डांगर, उडदाच्या पिठाचं, दह्यातलं, पण वर कढीपत्त्याची फोडणी! ते लोक त्याला पच्चडी म्हणतात. त्यांच्या मते आपण ते त्यांच्याकडून शिकलो.

घरच्यांना आणि तपासणीसाठी आलेल्या मालतीला मात्र मी सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. मी हातमोजे चढवले, नळ्या मांडल्या आणि विचारलं, “कोणी काही खाल्लं नाही ना?”

“नाहीं!” सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

“मग सुरू करू.”

“एक निमिषम्, बाई,” अप्पा म्हणाले आणि उठून आत गेले. त्यांच्यामागे श्रीधर, मालती, वसंती, सगळी मंडळी रांगेनं गेली. पूजा वगैरे असेल म्हणून मी थांबले. मग आतून लवंग आणि कापराचा वास आला आणि मला राहवेना.

आत अप्पा पितळी पेटी उघडून बसले होते. वेत्तिलैला (विड्याच्या पानाला) चुना लावायचा, त्यावर सीवल (सुपारीचे तलम काप), कणभर खायचा कापूर, एक लवंग, आणि विडा एकेकाच्या हातात. मालतीचा गाल तर फुगलाही होता.

“हे काय चाललंय?” मी ओरडलेच. “काही खाल्लं नाही म्हणालात!”

“हें खाणें नव्हे,” अप्पा शांतपणे म्हणाले. “वेत्तिलै आहे. चावून थुंकायचें, चूळ भरायची, मग तुमच्या नळींत.”

“मागच्या वेळीही?”

“मागच्या वेळींही. उष्टें आहे, बाई, उष्टें! पाहुण्याच्या हातांत तोंडचें एच्चिल कसें द्यावें? निदान तोंड तरी शुद्ध करून द्यावें.”

एच्चिल म्हणजे उष्टं, लाळही तीच. चुना आणि सुपारी मिळून माझ्या यंत्रातल्या नाजूक रसायनांचा गळा घोटत होते आणि मी पुण्यात बसून हिरड्यांवर टिपणं काढत होते! मला असं हसू फुटलं, की हातमोजे काढून डोळे पुसावे लागले. हिरड्यांची गोष्ट सांगितल्यावर वसंती भिंतीला टेकून खाली बसली.

“अक्का,” ती म्हणाली, “तुम्ही पुण्याहून आमचे दांत बघायला आलां की?”

अप्पा मात्र हसले नाहीत. “तरी उष्टें तें उष्टेंच. मज हातानें देववत नाहीं,” ते पुटपुटले.

तोड मालतीनं काढली. गणिताच्या बाई त्या! तिनं सगळ्यांना साध्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या आणि अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवलं. मग एका तबकात ताजी पानं पसरली, मोगऱ्याची चार फुलं ठेवली, आणि भरलेल्या नळ्या त्या पानांवर ओळीनं मांडल्या. विडा नळीच्या आत नाही, नळीच्या खाली! अप्पांनी तबक दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यापुढे धरलं. इतक्या मानानं कोणी मला थुंकी दिली नव्हती, पुढेही कोणी देईल असं वाटत नाही.

गावाबाहेरच्या कॉलेजात माझी मैत्रीण सेल्वी शिकवते. आमच्या कामाला लागणारं एक यंत्र तिच्याकडे आहे. जनुकाचा नेमका तुकडा गरम-गार करत त्याच्या असंख्य प्रती काढायच्या आणि त्यात दोष दिसतो का ते पाहायचं, हे त्याचं काम. यंत्र निम्म्यावर आलं आणि वीज गेली. सेल्वीनं कपाळावर हात मारला, मी मराठीत चार शब्द उच्चारले. ते तिला कळले नाहीत, हे बरंच झालं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

“इथे बसून यंत्राकडे डोळे वटारू नकोस, ते घाबरत नाही,” म्हणत तिनं मला दुसऱ्या दिवशी हाकलून दिलं.

वसंतीनं बँकेतून रजा टाकली आणि मला मोपेडवर मागे बसवून तिरुवैयारुला नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट. डुलत चाललेल्या म्हशींना वसंती नावं ठेवत होती. गावात शिरल्यावर एका खिडकीतून लहान मुलांचा सा-रे-ग-म आला, पुढच्या खिडकीतून वीणेचा. नदीच्या घाटावर बसून आम्ही अशोका खाल्ला. हा मूगडाळीचा केशरी हलवा, द्रोणातून तूप हातावर ओघळेल इतका सढळ. मी दुसरा द्रोण मागवला.

“अप्पा बघितलेत?” वसंती एकाएकी म्हणाली. “पूर्वीं फार गात असत. माझा आजार घराण्यांतून आला असें तुमच्या लोकांनीं सांगितलें, तेव्हांपासून गातच नाहींत. मज विचारतात, कोणाकडून आलें? आजी तर गेली. म्हणजे आतां ते स्वतःकडेच बघतात.”

मग त्या विड्याचा अर्थ मला जरा वेगळा लागला. आपल्या तोंडचं काही पुढे जाऊ द्यायचंच असेल, तर ते शुद्ध करून जावं, असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात सेल्वीचा फोन आला. “ये.”

मी आकृत्या पाहिल्या. सेल्वीकडून यंत्र दुसऱ्यांदा चालवून घेतलं, पुन्हा पाहिल्या. संध्याकाळी गल्लीत पोचले, तेव्हा सगळं घर ओट्यावर येऊन बसलं होतं. मी श्रीधर आणि मालतीला गच्चीवर नेलं, कारण हे आधी त्यांचं होतं. श्रीधरनं कठडा धरला. मालती सरळ माझ्या डोळ्यांत बघत उभी राहिली.

“श्रीधर, तुझ्यात दोष आहे, पण एकाच बाजूचा, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. तुला काही होणार नाही. मालती, तुझ्यात तो नाही. तुमच्या मुलांना वसंतीसारखा आजार या दोषामुळे होणार नाही.”

मालती म्हणाली, “अक्का, आतां वेत्तिलै खाऊं की?”

मी मानेनंच हो म्हटलं. ती जिन्यावरून अशी धावली, की खाली कोणाला काही सांगायची गरजच उरली नाही. तिचे वडील उठून उभे राहिले, तिला जवळ घेतलं, आणि मग आपण रडतोय हे लपवायला कॉफीची ऑर्डर सोडू लागले.

या गलक्यात अप्पा माझ्याजवळ आले. “माझें सांगावें, बाई.”

“आत चला, एकट्यात सांगते.”

“नाहीं. सर्वांपुढें.”

गलका थांबला. मी म्हटलं, “अप्पा, शेताला दोन पाट असतात. एक बंद असला तरी दुसऱ्यानं भात पिकतं. तुमचा एक पाट बंद आहे, तो तसाच वसंतीच्या वडिलांकडे गेला. वसंतीच्या आईचाही एक बंद होता. वसंतीच्या वाट्याला नेमके ते दोन बंद पाट आले. यात कोणी काही केलं नाही. पाट बंद आहे हे तुम्हाला कळणारच नव्हतं.”

अप्पा खाली बघत राहिले. “म्हणजे मजकडूनच,” ते म्हणाले. “माझ्याकडून या पोरीस हेंच गेलें.”

“हेंच?” वसंती कमरेवर हात ठेवून पुढे आली. “अप्पा, हें तुमचें नाक कोणाचें माझ्या तोंडावर? हा गळा कोणाचा? हा राग? सगळें तुमचेंच उष्टें आहे. मज गोड लागलें. आतां परत मागूं नका, मी देणार नाहीं.”

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू सुटत गेला आणि ते हसले, मोठ्यांदा, तोंडातले सगळे लाल दात दाखवत. हिरड्या अगदी ठणठणीत होत्या. त्यांनी पितळी पेटी मागवली आणि ओट्यावरच लग्न ठरल्याचं निश्चय-तांबूल झालं, दोन्ही बापांनी पानांची तबकं एकमेकांना दिली. विडे लावता लावता अप्पा काहीतरी गुणगुणत होते. वसंतीनं मला कोपरानं ढोसलं. आम्ही दोघी काही बोललो नाही, नाहीतर ते थांबले असते.

निघताना त्यांनी केळीच्या सोपटात बांधलेली पानं, सीवल आणि चुन्याची डबी माझ्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांशेजारी स्वतः ठेवली. पुण्याला परतताना वाटेत मी बराच विचार करत होते. आम्ही जनुकात दोष शोधतो, कारण आम्हाला तेच शोधायला शिकवलंय. पण एका पिढीच्या ताटातलं दुसरीच्या ताटात जाताना आजार एवढासा असतो, नाक, गळा, राग आणि माया केवढी तरी. तंजावूरला हे मला यंत्रात दिसलं नाही, ओट्यावर दिसलं, आणि फार आनंद झाला.

पुण्यात आल्यावर पक्की तपासणी पुन्हा करायची होती. तुलनेसाठी घराण्याबाहेरच्या एका माणसाची लाळ हवी होती, म्हणून मीच खुर्चीत बसले. आमच्या सहायिकेनं नळी हातात देण्याआधी नेहमीचा प्रश्न विचारला, “मॅडम, अर्ध्या तासात काही खाल्लंय?”

“नाही,” मी अगदी मनापासून सांगितलं.

तिनं नळी मागे घेतली आणि पर्समधला छोटा आरसा काढून माझ्या लालभडक ओठांसमोर धरला.