साहेबांविरुद्धची फिर्याद

मी रत्नागिरीत एका कॉलेजात कारकून होतो, तेव्हा आम्हाला नवे प्राचार्य आले. आधी पोलिसात होते, मग सरहद्दीकडे कुठल्याशा गुप्त खात्यात. तिथे काय करत होते, असं कुणी विचारलं की म्हणत, "हवा चांगली होती."

खातं सुटलं, पण सवयी सुटल्या नाहीत. एका प्राध्यापकांनी दोन दिवसांची रजा मागितली, तर साहेबांनी विचारलं, "कुठे, कशासाठी, सोबत कोण?"

"देवरूखला, मेव्हणीकडे बारशाला, आणि सोबत बायको," प्राध्यापक घाम पुसत म्हणाले.

परीक्षेचं वेळापत्रकसुद्धा साहेब 'गोपनीय' असा शिक्का मारून कपाटात ठेवत. एके वर्षी परीक्षा चार दिवसांवर आली, तरी ते कपाटाबाहेर येईना. मुलांनी फाटक अडवून घोषणा सुरू केल्या. शिपाई धावत आला, "सायेब, पोरां काय ऐकत नायत!"

कुणीतरी पोलिसांना कळवलं होतं. फौजदार लाठीवाले घेऊन आला आणि पोलिसातल्या आपल्या जुन्या साहेबांना ओळखून त्याने कडक सलाम ठोकला.

साहेब फाटकात आडवे उभे राहिले आणि फौजदाराला म्हणाले, "आत यायचं तर प्रवेश अर्ज भरा. शेवटची तारीख मात्र होऊन गेली."

मुलं हसली. फौजदारही हसला आणि माणसं घेऊन परत गेला.

मग साहेब पायरीवर बसले, कागद काढला आणि मुलांना म्हणाले, "एकेकानं बोला. फिर्याद माझ्याविरुद्ध आहे, तेव्हा न घाबरता सांगा."

परीक्षा आठ दिवस पुढे गेली. तो कागद मीच फाइलला लावला. आरोपीच्या नावापुढे साहेबांची सही होती, आणि खाली शेरा होता: गुन्हा कबूल.