पांढऱ्या नखाचं पिल्लू

कुत्रेवालीच्या दारात मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. बाई घरात कुत्री कोंबून पिल्लांचा कारखाना चालवते, अशी गल्लीतल्या कुणीतरी आमच्या प्राणिमित्र संस्थेकडे तक्रार केली होती. दार उघडल्या उघडल्या मी तोंड सोडलं. तिने उंबऱ्यात उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? आता चपला काढ, हात धू आणि आत ये. हात न धुता माझ्या बाळंतिणीजवळ कुणी जायचं नाही. कायदा असो नाहीतर कायद्याचा बाप."

आत कारखाना नव्हता. दोन माद्या होत्या, लांब कानांच्या, ठेंगण्या, तांबूस. एकीचं नाव बाईसाहेब, दुसरी नुसतीच धाकटी. वर्षातून एखादं बाळंतपण, दोन बाळंतपणांच्या मध्ये विश्रांती. माणसांच्या बायकांना एवढी मिळाली तर मी मोर्चे काढायचे बंद करीन.

याला चार वर्षं झाली. आमचं भांडण मिटलेलं नाही. रस्त्यावर इतकी कुत्री उपाशी मरत असताना जातीची पिल्लं मुद्दाम काढायची कशाला, हे माझं म्हणणं आजही आहे. "रस्त्यावरची तू बघ, घरातली मी बघते," हे तिचं. तरी महिन्यातून एकदा मी तिच्याकडे जाते. तपासणीला, असं मी म्हणते. चहाला, असं तिची नणंद म्हणते.

नवरा गेला तेव्हा कुत्रेवालीपाशी एक शिलाई मशीन, एक लग्न न झालेली नणंद आणि एक गाभण कुत्री राहिली. मशीन गंजलं. नणंद आणि कुत्री टिकल्या. ती कुत्री बाईसाहेबची पणजी.

पिल्लं जन्मली की कुत्रेवाली सगळ्यांत आधी लोकरीचे दोरे कापते. एका वेताची सात पिल्लं म्हणजे सात गुळाच्या ढेपा, आईलासुद्धा वेगळी ओळखू येणार नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात एका रंगाचा दोरा. सकाळी दोऱ्याच्या रंगाप्रमाणे एकेकाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं आणि वजन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचं. जे मागे पडेल त्याला आईशिवाय वरचं दूध, दर तीन तासांनी, बाटलीने. मानेचा घेर वाढतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी दोरे बदलावे लागतात. त्याचा तिचा नियम ठरलेला: एक सोडायचा, लगेच त्याच रंगाचा दुसरा बांधायचा, मग पुढच्याला हात लावायचा. वीस वर्षांत हा नियम तिने मोडला नव्हता.

या वेळी मोडला.

सात पिल्लांत लाल दोऱ्याचं सगळ्यांत बारीक. पांढऱ्या दोऱ्याचं त्याच्याहून उगाच वीस-पंचवीस ग्रॅम जास्त. लालला वरचं दूध चालू होतं. बाळंतपण बाईसाहेबचं आणि जागरण हिचं, असे दहा दिवस काढलेले. अकराव्या दिवशी दोरे बदलताना तिने लाल आणि पांढरा एकदमच सोडले. का, ते तिलाही सांगता येत नाही. "डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं गं," एवढंच म्हणाली. बांधताना अदलाबदल झाली.

दुसऱ्या दिवशी काट्यावर लाल पस्तीस ग्रॅमने वाढलेलं. हिला कोण आनंद! दूध लागू पडलं म्हणून नणंदेला हाक मारून दाखवलं. पांढऱ्याचं वजन घटलेलं होतं. तेही तिने लिहिलं, स्वतःच्या हाताने, पण शी-शू झाली असेल म्हणून पुढच्यावर गेली. जिथे जीव अडकलेला असतो तिथेच डोळा जातो. बाकीचं नुसतं लिहिलं जातं. दोन दिवस जादाचं दूध धडधाकट पिल्लाने चापलं आणि ज्याला हवं होतं ते आईच्या पोटाशी बाकीच्यांच्या धक्क्याने मागे ढकललं जात राहिलं.

त्या गुरुवारी दुपारी मी गेले तेव्हा कुत्रेवाली मोरीपाशी पाटावर बसली होती. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलात पिल्लू. गळ्यात पांढरा दोरा.

"सकाळी गेलं," ती म्हणाली.

माझ्या तोंडात आलंच होतं, की तरी मी सांगत होते. गिळलं.

"गुंडाळायला घेतलं तर हे बघ." तिने पिल्लाचा मागचा डावा पाय दोन बोटांत धरला. तीन नखं काळी, एक पांढरं. "लालच्या पायाला पांढरं नख होतं. पहिल्याच दिवशी बघितलं होतं मी. हे पांढरं नाही गं, हे लाल आहे." मग सगळं सांगितलं, एकाच सुरात, वाणसामानाची यादी वाचावी तसं.

नणंद दारात कोथिंबीर निवडत होती. "सात होती, सहा राहिली. वीस वर्षांत काय पहिलं गेलं का? तुम्ही अशा बसलात तर बाकीच्यांना कोण बघणार?"

"वन्सं, आज काका येणार आहेत."

घड्याळवाले काका. चौकातल्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीत चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेले, आता हात थरथरतो म्हणून टपरी बंद. त्यांचा म्हातारा कुत्रा वर्षापूर्वी गेला. पिल्लं चार दिवसांची असताना आले आणि सगळ्यांत बारीक, लाल दोऱ्याचं निवडून गेले. "हे कुणी नेणार नाही, म्हणून मी नेतो," म्हणाले. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी चारला यायचे, हात धुऊन उलट्या बादलीवर बसायचे आणि लाल दोऱ्याकडे तासभर बघायचे. बोलणं नाही, चालणं नाही.

नणंदेने कोथिंबिरीची काडी मोडली. "येऊ देत की. लाल दोरा आहे ना बाईसाहेबच्या खोक्यात? मग झालं. गुटगुटीतही झालंय. म्हणतील, बाईंनी काय वाढवलं!"

"ते त्यांचं नाही."

"त्यांना काय माहीत? पिल्लाला तरी माहीत आहे का?"

"मला माहीत आहे."

"आलं मोठं सत्य! अहो, म्हातारा माणूस आहे तो. एक कुत्रा गेला, त्याच्यावर हे. तुमच्या मनाचं ओझं उतरवायला त्याच्या डोक्यावर ठेवणार? तू सांग गं यांना," माझ्याकडे वळून, "तुझं तोंड नेहमी चालतं, आज काय कुलूप लागलं?"

खरं सांगते, नणंदेचं म्हणणं चूक म्हणावं असं नव्हतं. कुत्रेवालीने टॉवेलाची घडी नीट केली आणि ते पुडकं बुटांच्या खोक्यात ठेवलं. खोक्याचं झाकण मात्र लावलं नाही.

चारला काका आले. चपला काढल्या, हात धुतले, बादलीवर बसले. बाईसाहेबच्या खोक्यातल्या लाल दोऱ्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! अंग धरलं की यानं!"

नणंदेने माझ्याकडे बघितलं. बघ, असं.

कुत्रेवाली समोर खाली बसली. गुडघा कटकन वाजला. "काका, ते तुमचं नाही. तुमचं आज सकाळी गेलं. दोरे बांधताना माझी चूक झाली, दोन दिवस दूध दुसऱ्याला गेलं." आणि बुटांचं खोकं पुढे केलं. पांढरं नख दाखवलं.

काकांनी नखाला एक बोट लावलं.

मग एकदम चिडले. "मला कशाला सांगितलंत? काय गरज होती, बाई? मी ओळखणार होतो का? घरी नेलं असतं, नाव ठेवलं असतं!"

"हो."

"हो काय हो! गप्प बसता येत नव्हतं?"

"नाही आलं," ती म्हणाली.

काका उठले, चपला घातल्या. डावी उजव्या पायात गेली, ती तिथेच बदलली आणि निघून गेले. फाटकाची कडी लावायचं विसरले. ते कधी विसरत नसत.

"मिळालं समाधान?" नणंद म्हणाली. आवाजात धार होती, पण चहाचं आधण तिनेच ठेवलं.

"नाही."

"मग कशाला केलंत?"

"अहो वन्सं, समाधानासाठी कोण करतं?" भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी हळूच म्हणाले, "मावशी, आता बास कर. बाईसाहेबचं हे शेवटचं असू दे. शरीर ऐकत नाही तुझं."

"तुला बरं सापडलं निमित्त," ती डोळे न उघडता म्हणाली. "बास करायचं ते करीन. पण ही सहा आहेत ना आत्ता? यांना काय सांगू, दुकान बंद झालं?"

खोक्यात बाईसाहेब उठून उभी राहिली, पिल्लांना एकेक करून हुंगत गेली आणि शेवटच्यापाशी थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

फाटक वाजलं. काका परत आले होते. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "पुरणार कुठे?"

"मागे, नळाजवळ. माती मऊ आहे."

"मी खणतो."

"तुमचा हात..."

"घड्याळ थोडंच उघडायचंय?" ते म्हणाले आणि घराला वळसा घालून मागे गेले. मागून कुदळीचा आवाज येत राहिला. एक घाव, मग मोठा विसावा, मग दुसरा घाव. मदतीला जावं म्हणून मी उठले तर कुत्रेवालीने हात धरला. "राहू दे. त्यांचं आहे ते."

मग तिने लोकरीचे गुंडे आणि कात्री ओढली, नवा पांढरा दोरा कापला, लाल दोऱ्याचं पिल्लू उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं. ऊबदार, जड, दुधाचा वास येणारं.

"हात धुतलेस ना?"

"धुतले."

"मग धर नीट. आणि मी बांधून होईपर्यंत दुसरीकडे बघू नकोस." तिने लाल दोरा सोडला, लगेच पांढरा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. पिल्लू खोक्यात ठेवलं. मगच पुढच्याला हात घातला.