मरियमबाईंनी संध्याकाळी पारखलेली बॅट

मरियमबाई नवापूरच्या डोंगराकडच्या. दिवाळीनंतर नवरा जोसेफबरोबर ऊसतोडीला पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर यायच्या आणि उन्हाळ्यापर्यंत पाचटाने शाकारलेल्या कोपीत राहायच्या. मुलगी रिबेका तिथल्याच आमच्या शाळेत दहावीला, वसतिगृहात. दिवसाचं काम उरकलं की बाई कधी कधी मैदानावर येऊन लेकीचा सॉफ्टबॉल बघत बसायच्या.

रिबेकाच्या अंगात ताकद भरपूर. म्हणून शाळेतली सर्वांत जड, काळी बॅट तिची, असं कुणी न ठरवताच ठरलेलं होतं. सराव सुरू झाला की तिचे पहिले फटके कुंपणापलीकडच्या तुरीत जायचे. सामन्यात मात्र तिसऱ्या इनिंगनंतर बॅट उशिरा फिरायची. फास्टपिचमध्ये पिचर बॉल हाताखालून टाकते, पण तो फार वेगात येतो. बॅट जराशी मागे राहिली तरी बॉल उजवीकडे रेषेबाहेर जातो.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. गुण लिहायचं काम अजून माझ्याकडे आहे. रिबेकाचे ते उशिराचे फटके दोन वर्षांपासून माझ्या वहीत होते. पण मी कधी बॅट हातात धरलेली नाही. कोकिळा मॅडम प्रशिक्षक, त्यांना मी काय सांगणार?

एका संध्याकाळी शेवटचा सराव होता; जिल्हा संघाची निवड दुसऱ्या दिवशी होती. रिबेकाचं त्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. सरावाच्या शेवटी तिचे सलग पाच बॉल रेषेबाहेर गेले.

"बॅटले कोयता समजी ऱ्हायनी का तू?" आमची कॅचर फाल्गुनी म्हणाली. पोरी हसल्या.

रिबेकाने बॅट खाली टाकली. मरियमबाई उठल्या. दिवसभर ऊस तोडून आलेल्या त्या. त्यांनी काळी बॅट डाव्या हातात घेतली आणि हात सरळ समोर धरला. थोड्याच वेळात बॅटचं टोक खाली झुकलं. मग आठवीच्या पोरी वापरतात ती निळी बॅट धरली. ती हलली नाही. तिसरी, सर्वांत हलकी, त्यांनी घेतली आणि लगेच ठेवली.

"हिच्यात काही जोर नाही. तू धर बरं."

रिबेकानेही धरून पाहिलं. काळी झुकली, निळी राहिली.

"सकाळी नाही झुकत," ती म्हणाली.

"सकाळी कुणाची झुकते? मी नवा कोयता संध्याकाळीच घेते, तोडणी करून आल्यावर. सकाळी सगळेच कोयते हलके लागतात."

"पण ती लहान पोरींची बॅट आहे. उद्या सगळे हसतील."

"माझा कोयता तुझ्या बापाच्या कोयत्यापेक्षा हलका आहे. संध्याकाळी मोळ्या कुणाच्या जास्त असतात, विचार त्याला."

कोकिळा मॅडमना ते पटलेलं दिसत नव्हतं. "ताकदीच्या मुलीला हलकी बॅट देऊन कसं चालेल, बाई?"

तेव्हा मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. बोटाने ओळी दाखवल्या. पहिल्या, दुसऱ्या इनिंगला बॉल आत; चौथ्या, पाचव्या इनिंगला रेषेबाहेर. मॅडमनी मागची पानंही उलटून पाहिली.

"हे आधी का नाही सांगितलंत सर?"

मॅडमनी निळी बॅट उचलून रिबेकाच्या हातात दिली.

निवडीच्या सामन्यात रिबेका निळी बॅट घेऊन उतरली. कुणीतरी हसलं. तिचा एकही बॉल कुंपणापर्यंत गेला नाही. पण पाचव्या इनिंगला, उन्हात, दमलेली असताना तिने मारलेला बॉल पिचरच्या बाजूने सरळ तिच्या मागच्या मोकळ्या मैदानात गेला आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी होम प्लेटवर पोचून गुण मिळाला. दुपारी यादी वाचली, त्यात रिबेकाचं नाव सातवं होतं.

ती तशीच फडावर गेली. वाट लांब, म्हणून मीही बरोबर होतो. मरियमबाईंच्या डोक्यावर मोळी होती. यादीचं त्यांनी विचारलंच नाही.

"शेवटी बॅट झुकली का?"

"नाही."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि मोळी घेऊन गाडीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा कोयता उचलण्याआधी त्यांनी पदराने डोळे पुसले.