भोपळ्यातला जुना जोड

आमच्या घरातली पोरं मला अजून विचारतात, आजोबांचा तंबोरा तुम्हीच फोडला ना? मी म्हणतो, फोडला नाही रे, नुसता टेकलो.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मध्यप्रांत-वऱ्हाडाचे दिवस. आम्ही वलगावचे, भाजीपाला पिकवणारे, सासर अकोल्याचं. बडनेऱ्याला गाडी धरून, वांग्यांची टोपली घेऊन मी सासुरवाडीला पोचलो. प्रवासानं अंग आंबलं होतं. बैठकीच्या कोपऱ्यात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी गोल, गुबगुबीत दिसलं. खास जावयासाठी लोड ठेवलाय, असं मला वाटलं. नव्या जावयाला सगळं आपल्यासाठीच ठेवलेलं वाटतं. ऐटीत रेललो आणि आतून तडकन आवाज आला.

तो सासऱ्यांचा तंबोरा होता, त्यांच्या वडिलांपासूनचा. दर एकादशीला ते देवळात त्यावर भजन म्हणत. एकादशी पाच दिवसांवर, आणि सासरे कामासाठी हिवरखेडला गेलेले. सासूबाई एरवी माझ्याशी दाराआडून बोलत. त्या दिवशी समोर येऊन त्यांनी जुनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं घर सांगितलं आणि म्हणाल्या, "जवाईबापू, आता पळा."

कारागीर म्हातारा, मोजकं बोलणारा. त्यानं वरची लाकडी तबली हलक्या हातानं सोडवली आणि भोपळ्यात बराच वेळ डोकावून पाहिलं. मग मलाही दाखवलं. आत माझ्या चिरेशेजारी आणखी एक चीर होती, जुनी. कोणीतरी कधीकाळी सरसानं कापडाची पट्टी बसवून ती सांधली होती.

मला हायसं वाटलं. म्हणजे तंबोरा आधीच फुटका होता! जुना जोड सुटला, एवढंच सासऱ्यांना सांगा, असं मी त्याला सुचवलं. इतक्या सात्त्विक आवाजात, की क्षणभर माझाच त्यावर विश्वास बसला.

त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला. "जोड शाबूत आहे, जवाईबापू. फुटलं ते त्याच्या बाजूले."

ज्यानं जोड मारला तो ओळखीचा होता का, मी विचारलं.

"मी त्याले कदी पायलं नाई. मेला बी असंन. तो काई जबाब द्याले येत नाई, मंग त्याच्यावर आळ कसा घेऊ?"

मी निघायला उठलो. तेव्हा तोच जरा नरमला. "तुमी टेकले, हे मी सांगत नाई. मले इचारलं तं जोड चांगला होता, एवढंच सांगीन. बाकी तुमचं तुमी पाहा."

पुढचे तीन दिवस मी त्याच्याकडेच जाऊन बसलो. जुन्या पट्टीला धक्का न लावता त्यानं शेजारी नवी बसवली. सरस आळेपर्यंत भोपळा दोन्ही तळव्यांत दाबून धरायचं काम मला दिलं. धरता धरता मी ती जुनी पट्टी पाहत होतो. तिच्या कडासुद्धा नीट आत मुडपलेल्या होत्या. तबली बसली की कोणाला दिसणार होतं ते? तरी त्या माणसानं केलं होतं. आणि मी मात्र दिसणारी गोष्ट लपवायच्या खटपटीत.

एकादशीच्या आदल्या दिवशी सासरे परतले. अंगणात पाय धूत होते, तिथेच मी सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तांब्या खाली ठेवून एवढंच विचारलं, "आतला जुना जोड?"

"शाबूत आहे," मी म्हणालो. "फुटलं ते माझ्यामुळे."

दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना माझ्या पानात भाकरी मात्र त्यांच्या नजरेच्या इशाऱ्यानं वाढली जात होती.

दुसऱ्या दिवशी देवळात भजनी मंडळी जमली. सासऱ्यांनी तारा जुळवल्या, कान देऊन ऐकलं, आणि सगळ्यांच्या देखत तंबोरा माझ्या हातात दिला. "धरा. छेडत राहा."

मी भजन संपेपर्यंत तसूभर हललो नाही. शेवटी पाय इतके बधिर झाले की मला उठवायला दोघे जण लागले. त्याआधी सासऱ्यांनी तंबोरा तेवढा काढून घेतला.